सदऱ्याचे माप

गेल्या चाळीसएक वर्षांत भारतातील मोठ्या शहरांतून लांब पल्ल्याच्या शर्यतींची एक नवी प्रथा रुजली आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. पुढे २००४ साली मुंबईची मॅरेथॉन, २००५ साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन, २००८ साली बेंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत आणि २०१४ साली कोलकात्याची पंचवीस किलोमीटरची शर्यत सुरू झाली. या शर्यतींत पहिला क्रमांक मिळविण्यासाठी धावणारे थोडे. बाकीचे सारे आपापली नोकरी, दुकान आणि घरसंसार सांभाळून एका पहाटेपुरते धावक होणारे सामान्य नागरिक. नावनोंदणीचे शुल्क भरले की त्यांना छातीवर लावावयाचा क्रमांक मिळतो, आणि अनेक शर्यतींत त्याच्या जोडीला एक टी-शर्टही मिळतो.

म्हणूनच नोंदणीच्या अर्जात नाव, वय, रक्तगट आणि संकटकाळी कोणास कळवावे हे सर्व विचारून झाल्यावर एक लहानसा प्रश्न येतो : सदऱ्याचे माप कोणते? त्याखाली स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज अशी चार-पाच उत्तरे तयार असतात आणि त्यांपैकी एकावर खूण करावयाची असते. बहुतेक लोक हे काम अर्ध्या मिनिटात उरकतात. मग दोन-तीन महिन्यांनी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, काखेत आवळणारा किंवा गुडघ्याकडे झुकणारा सदरा हाती येतो, तेव्हा चूक कोणाची याचा वाद सुरू होतो. वस्तू क्षुल्लक आहे हे खरे; पण या क्षुल्लक वस्तूच्या पाठीमागे दोनशे वर्षांचा इतिहास, कारखानदारीचे काही कडक नियम आणि सार्वजनिक व्यवस्थेचा एक महत्त्वाचा प्रश्न उभा आहे. त्याचा थोडा उलगडा करणे उपयुक्त ठरेल.

पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. कापड गजावर घ्यावयाचे, शिंप्याकडे द्यावयाचे आणि त्याने गळ्यातली फीत काढून छाती, खांदा, बाही आणि उंची वहीत टिपून घ्यावयाची, ही रीत होती. त्या वहीतले आकडे एकाच माणसाचे असत. त्यांना कोणत्याही नावाची किंवा अक्षराची गरज नसे. मुलांच्या बाबतीत आई ‘वाढत्या अंगाचा शिवा’ एवढे सांगे आणि शिंपी ते समजून दोन बोटे कापड आत दुमडून ठेवी. उद्याच्या मापाचीही सोय त्या शिवणीत केलेली असे. तयार कपडा आला आणि हा क्रम उलटला. आता कपडा आधी शिवला जातो आणि माणूस नंतर शोधला जातो. जो माणूस शिवणाऱ्याने कधी पाहिलेलाच नाही त्याच्यासाठी कपडा शिवावयाचा, तर माणसांचे काही गट पाडावेच लागतात. ‘साइज’ म्हणजे असा गट होय.

असे गट पाडण्याची निकड प्रथम सैन्याला भासली. हजारो शिपायांना थोड्या अवधीत गणवेश पुरवावयाचे तर एकेकाचे माप घेऊन भागत नाही. १८१७ साली एडिंबरो येथील एका वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडमधील हजारो सैनिकांच्या छातीची मापे प्रसिद्ध झाली. पुढे अडोल्फ केतले या बेल्जियन शास्त्रज्ञाने त्यांतून ५,७३८ सैनिकांचा तक्ता तयार करून १८४६ साली मांडला. त्यात ३३ इंचांपासून ४८ इंचांपर्यंत छाती असलेले लोक होते. पण सर्वांत मोठी गर्दी ३९ आणि ४० इंचांच्या आसपास होती आणि दोन्ही टोकांकडे ती सावकाश विरळ होत गेली होती. मध्ये उंच आणि कडेला उतरता असा घंटेसारखा हा आकार संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. कपडे शिवणाऱ्याला त्यातून मिळणारा धडा साधा आहे : मधली मापे पुष्कळ लागतात, टोकांची थोडी लागतात, पण लागतातच.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गणवेशांचे कारखाने मोठ्या प्रमाणावर चालू झाले. विशिष्ट छाती असलेल्या माणसाची कंबर आणि उंचीही बहुधा विशिष्ट मर्यादेत असते, हे सैनिकांच्या मापांवरून कारखानदारांच्या ध्यानात आले. युद्ध संपल्यावर हेच ज्ञान नागरी पुरुषांच्या तयार कपड्यांना आधारभूत झाले. स्त्रियांच्या बाबतीत असे काही होण्यास मात्र फार काळ जावा लागला. १९३९-४० साली अमेरिकेच्या शेती खात्याने सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. त्यावर पुढे १९५८ साली एक मापपद्धती प्रसृत झाली. पण ती समाधानकारक ठरली नाही आणि १९८३ साली मागे घेण्यात आली. मूळ पाहणीत केवळ गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे जमेस धरली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्यांना मोजले नाही त्यांना तो कपडा कसा बसावा?

मोजलेल्यांनाही तो नेमका बसतो असे नाही, हे दुसऱ्या एका प्रयोगाने दाखवून दिले. १९५० साली अमेरिकन हवाई दलाने आपल्या वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने त्यांपैकी ४,०६३ जणांची दहा-दहा मापे तपासली आणि दहाही मापांत साधारण सरासरीच्या जवळ असणारे किती, हे मोजले. उत्तर आले शून्य! कोणाची छाती सरासरीइतकी, तर हात लांब. कोणाचे हात सरासरीइतके, तर मान जाड. ‘मीडियम’ नावाचा माणूस प्रत्यक्षात कोठेच नसतो. तेव्हा तयार सदरा एका मापात जुळला, तरी दुसऱ्या मापात थोडा कमीअधिक राहणारच, हे गृहीत धरूनच त्याची निवड करावयास हवी.

आता अर्जातील अक्षरांकडे वळू. इंच किंवा सेंटिमीटर यांना कायद्याने ठरलेला अर्थ आहे. लार्ज या शब्दाला तसा अर्थ नाही. एका उत्पादकाचा मीडियम ३८ इंच छातीसाठी असतो, तर दुसऱ्याचा ४० इंचांसाठी. बहुधा लगतच्या दोन मापांत छातीच्या घेराला दोन इंचांचे, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटरचे अंतर ठेवतात. पण सुरुवात कोठून करावयाची हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. त्यामुळे ‘मी नेहमी लार्ज घेतो’ या वाक्याला दुकान सांगितल्याखेरीज काही अर्थ उरत नाही. भारतात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला. तरी सदऱ्यांच्या दुकानात आजही ३८, ४०, ४२ हे इंचच चालतात आणि परदेशी पद्धतीचे तक्ते सेंटिमीटरमध्ये असतात, ही आणखी एक अडचण. ३८ इंच म्हणजे ९६.५ सेंटिमीटर, ४० इंच म्हणजे १०१.६ आणि ४२ इंच म्हणजे १०६.७, एवढी तीन समीकरणे जवळ असली तरी पुष्कळ घोटाळा टळेल.

भारतीयांच्या देहयष्टीवर आधारलेली स्वतःची अशी मापे आपल्याकडे दीर्घकाळ नव्हती. ब्रिटिश आणि अमेरिकन तक्ते थोडेफार फेरफार करून वापरण्याचा प्रघात पडला होता. ही उणीव ओळखून २०१८ साली केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने राष्ट्रीय मापपाहणीची योजना जाहीर केली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांतून १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापे यंत्राच्या साहाय्याने, शरीराला स्पर्श न करता घ्यावयाची आणि त्यावरून भारतीयांसाठी तक्ते बसवावयाचे, असा तिचा आराखडा होता. शिलाँगचा माणूस आणि दिल्लीचा माणूस एकाच तक्त्यात कसे सामावावेत, हा प्रश्न या योजनेने प्रथमच राष्ट्रीय पातळीवर विचारला, हे तिचे महत्त्व आहे. पण तक्ता कितीही चांगला असला तरी आपले माप आपणास ठाऊक असल्यावाचून त्याचा उपयोग नाही.

माप इतके महिने आधी का विचारतात, असेही अनेकांस वाटते. त्याचे उत्तर कारखान्यात आहे. विणलेल्या सुती कपड्यांचा भारतातील सर्वांत मोठा व्यवसाय तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे आहे. अशा ठिकाणी सूत विणून, रंगवून झाले की कापडाचे अनेक थर मेजावर एकावर एक पसरतात, त्यावर निरनिराळ्या मापांचे भाग आखतात आणि यंत्राने सर्व थर एकदम कापतात. किती स्मॉल आणि किती लार्ज हे त्या क्षणी कायमचे ठरते. कापल्यावर मीडियमचा लार्ज करता येत नाही. त्यानंतर शिलाई, छपाई, इस्त्री, मापवार गठ्ठे बांधणे आणि वाहतूक. अर्जात ‘अमुक तारखेनंतर माप बदलता येणार नाही’ असे लिहिलेले असते ते कारकुनी हट्टापायी नव्हे. ती तारीख बहुधा कापणीच्या तारखेवरून ठरलेली असते.

मग मापे लिहून घेतली, तितकेच सदरे शिवले, तरीही शेवटच्या दिवशी काहींना भलतेच माप का मिळते? येथे एक उदाहरण घेऊ. समजा, एका शर्यतीत १,००० धावक आहेत. त्यांपैकी १५० जणांनी स्मॉल, ३५० जणांनी मीडियम, ३०० जणांनी लार्ज, १५० जणांनी एक्स्ट्रा लार्ज आणि ५० जणांनी डबल एक्स्ट्रा लार्ज लिहिले आहे. सदरे नेमके तितकेच आले आहेत. पहिल्या दिवशी सकाळी मीडियम लिहिलेल्यांपैकी ६० जण खिडकीवर येऊन म्हणतात, ‘हा जरा घट्ट वाटतो, लार्ज द्या.’ खिडकीवरील स्वयंसेवक भिडेखातर देतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी कामावरून सुटून जे ६० लोक येतात, त्यांनी लार्ज लिहिलेले असते आणि खिडकीवर उरलेले असतात मीडियम. एकूण सदरे हजार, एकूण माणसे हजार. बेरीज बरोबर आहे, पण वाटप चुकले. ज्याने विचारपूर्वक उत्तर दिले तो रिकाम्या हाताने परततो आणि ज्याने विचार केला नाही त्याचे काम होते.

यात एक आणखी बारीक अन्याय दडलेला आहे. मोठा सदरा लहान माणसाला ढगळ का होईना, पण घालता येतो. लहान सदरा मोठ्या माणसाला घालताच येत नाही. म्हणून मोठ्या मापाचा तुटवडा हा लहान मापाच्या तुटवड्यापेक्षा अधिक बोचतो. मीडियमवाल्याला दोन्ही बाजूंना शेजारी आहेत. डबल एक्स्ट्रा लार्ज लिहिणाऱ्याला पलीकडे कोणीच नाही. त्याचा सदरा दुसऱ्यास दिला गेला तर त्याच्यासाठी दुसरा सदरा नसतो. बरे, हा मनुष्य आधीच लोकांच्या नजरा चुकवीत धावावयास आलेला असतो. कदाचित वजन उतरावे म्हणूनच त्याने धावणे आरंभलेले असते. सर्वांसमक्ष ‘तुमच्या मापाचे नाही’ असे ऐकणे त्याला सदऱ्याच्या किमतीपेक्षा फार महाग पडते. जे आयोजक राखीव सदरे मागवितात त्यांनी ते केवळ मधल्या मापांचे न मागविता मोठ्या टोकाकडचेही मागविणे म्हणूनच न्याय्य होय.

स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाही. लांब पल्ल्याच्या शर्यती दीर्घकाळ पुरुषांच्या समजल्या जात. बोस्टनची मॅरेथॉन १८९७ साली सुरू झाली, पण तेथे स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम १९८४ साली लॉस एंजेलिसला झाली. आज भारतातील शर्यतींत हजारो स्त्रिया धावतात. परंतु सदऱ्यांनी अजून पुष्कळ ठिकाणी ही वार्ता ऐकलेली दिसत नाही. ‘स्त्रीपुरुष दोघांसाठी’ म्हणून जो सदरा दिला जातो तो बहुधा पुरुषाच्या आकृतीवरच बेतलेला असतो. परिणामी खांदा उतरतो, बाही कोपरापर्यंत येते आणि नितंबांपाशी मात्र तोच सदरा आवळतो. जेथे स्त्रियांसाठी वेगळे माप असते तेथे दुसरी सावधगिरी हवी : स्त्रियांच्या तक्त्यातील मीडियम हा पुरुषांच्या मीडियमहून लहान असतो. अर्जात कोणता तक्ता लागू आहे हे पाहूनच खूण करावी.

आता प्रत्यक्ष माप कसे घ्यावे ते पाहू. शिंप्याची मऊ फीत घ्यावी आणि शक्य तर दुसऱ्याच्या हातून माप घ्यावे. पातळ कपड्यावरून, हात खाली सोडून, नेहमीसारखा श्वास चालू ठेवून, फीत काखेखालून छातीच्या सर्वांत भरदार भागावरून फिरवावी. पाठीमागे ती खाली घसरता कामा नये. पुढे आणि मागे ती एका पातळीत असावी. ती आवळू नये आणि लोंबूही देऊ नये. छाती फुगवून घेतलेले माप आरशासमोर बरे वाटते, पण सदरा आरशात घालावयाचा नसतो. जो आकडा येईल तो लिहून ठेवावा, कारण माणसाचे माप वयाबरोबर बदलते आणि स्मरणातले माप बहुधा पाच-दहा वर्षांपूर्वीचे असते.

हा आकडा तक्त्याशी ताडून पाहण्यापूर्वी तक्ता कशाचा आहे हे पाहावे. काही तक्ते शरीराचे माप देतात, तर काही कपड्याचे. दोहोंत फरक असतो, कारण हालचालीसाठी कपड्यात थोडी सैलाई ठेवावीच लागते. ९६ सेंटिमीटर छातीच्या माणसाचा सदरा १०४ सेंटिमीटर घेराचा असेल तर तो व्यवस्थित बसेल. पण कपड्याच्या तक्त्यात ९६ चा सदरा शोधून तोच मागविला तर तो अंगाला चिकटेल. पुष्कळांची फसगत होते ती येथेच. यावर एक सोपी युक्ती आहे. घरात अंगाला नीट बसणारा एखादा टी-शर्ट असतोच. तो मेजावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावा आणि येणारा आकडा दुप्पट करावा. ५२ सेंटिमीटर आले तर घेर १०४. कपड्याच्या तक्त्यात याच आकड्याच्या जवळचे माप शोधावे. मानेजवळच्या खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची उंचीही त्याच वेळी मोजून घ्यावी.

आकडा दोन मापांच्या मधोमध आला तर काय करावे? सामान्यतः मोठे माप घेणे शहाणपणाचे, आणि कापड सुती असेल तर विशेषच, कारण सुती विणकाम पहिल्या धुण्यात काहीसे आटते. पॉलिएस्टरचे कापड जवळजवळ आटत नाही आणि घामही फारसा शोषून घेत नाही. म्हणून धावण्याच्या सदऱ्यांसाठी त्याचा वापर वाढला आहे. एक सूचना मात्र माप बरोबर असले तरी पाळावी. आदल्या दिवशी मिळालेला नवा सदरा घालून ४२ किलोमीटर धावू नये. नव्या कापडाची शिवण कोठे घासते हे पहिल्या पाच किलोमीटरांत कळत नाही. तिसाव्या किलोमीटरला कळते, आणि तेव्हा उपाय नसतो.

कचेऱ्यांतून आणि संस्थांतून तीस-चाळीस जणांची नावे एकाच व्यक्तीने भरण्याची पद्धत आहे. तेथे मापे अंदाजाने भरली जातात, कारण सहकाऱ्यास, विशेषतः स्त्री सहकाऱ्यास, माप विचारणे संकोचाचे वाटते. हा संकोच योग्यच आहे. पण त्यावरचा उपाय अंदाज हा नव्हे. तक्ता सर्वांना धाडून प्रत्येकाने आपले उत्तर खाजगी रीतीने कळवावे, एवढी व्यवस्था कठीण नाही. दहा जणांच्या देखत मापांची यादी मोठ्याने वाचण्याचे तर काहीच कारण नाही.

आयोजकांच्या बाजूने तीन गोष्टी घडल्या तर तक्रारींचा बराच भाग नाहीसा होईल. अर्जात अक्षरांच्या शेजारीच सेंटिमीटर आणि इंच छापावेत, आणि ते शरीराचे आहेत की कपड्याचे हे स्पष्ट सांगावे. वाटप करताना ज्याने जे माप लिहिले तेच त्याला प्रथम द्यावे. आणि अदलाबदलीची खिडकी निराळी ठेवून ती वाटप संपत आल्यावरच उघडावी, म्हणजे कोणाचा हक्क न डावलता गरजूंची सोय होईल. धावकांनीही आपल्या हातून झालेल्या चुकीची भरपाई दुसऱ्याच्या सदऱ्यातून मागू नये.

सदरा फुकट मिळतो, मग एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो फुकट नसतो. त्याची किंमत नोंदणीच्या शुल्कात धरलेली असते. शिवाय न बसणारा सदरा कोणीच वापरत नाही. शेताला दिलेले पाणी, सूत, रंग आणि शिवणाऱ्या हातांचे श्रम कपाटाच्या तळाशी जाऊन पडतात. याहूनही मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. कोणी न विचारता दिलेली वस्तू बसली नाही तर माणूस हसून सोडून देतो. परंतु आधी विचारले, उत्तर लिहून घेतले आणि नंतर त्या उत्तराकडे पाहिलेच नाही, तर तो प्रश्न केवळ उपचारापुरता होता असे त्याला वाटते आणि पुढल्या अर्जात तो काहीही लिहितो. माप विचारणे म्हणजे ते पाळण्याचे वचन देणे होय. धावकाने फीत लावून खरे उत्तर द्यावे आणि आयोजकांनी त्या उत्तराप्रमाणे त्याच्या नावचा सदरा त्याच्यासाठी राखून ठेवावा. या दोन गोष्टी घडल्या तर शर्यतीच्या आदल्या सायंकाळी शेवटी आलेल्या माणसालाही त्याच्या अंगाचा सदरा मिळेल.